चीनहून फवारणी पंपांचा पहिला कंटेनर: न्हावा शेवा ते मिरज, खर्च आणि कागदपत्रं

द्राक्षवेल_मिरज
नमस्कार मंडळी. पाठीवरचे बॅटरी फवारणी पंप (१६ आणि २० लिटर) आणि त्यांचे सुटे भाग चीनमधून थेट मागवायचे आहेत. विक्री मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ पट्ट्यात. जीएसटी नोंदणी नियमित आहे, आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी कोड) काढलेला आहे. पुरवठादार झेजियांग प्रांतातल्या ताइझोऊचा. त्याने २० फुटी कंटेनरचा दर सीआयएफ न्हावा शेवा (माल, समुद्रभाडं, विमा धरून) असा दिलाय. पूर्ण कंटेनर घ्यावा की थोडा माल एलसीएलने (इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये)? दारात पडेपर्यंतचा खर्च कसा धरायचा? कंटेनर मिरजेपर्यंत आणायचा की तिकडेच खाली करायचा? आणि द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आत माल हवा असेल तर ऑर्डर कधी द्यायची? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

उरण_रोड
दादा, भाड्याचा विचार नंतर. आधी पंपाच्या आत काय काय आहे ते बघा, कारण माल बंदरात अडकतो तो बहुतेक वेळा बॅटरीपायी.

लिथियम बॅटरी असेल तर तीन गोष्टी एकदम अंगावर येतात. एक, पोर्टेबल वापराचे लिथियम सेल आणि बॅटऱ्या बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीत येतात, मानक आयएस १६०४६. नोंदणी कारखान्याच्या नावाने असते. त्या कारखान्याची, त्याच मॉडेलची नोंदणी नसेल तर माल सुटत नाही. 'आमच्याकडे सीई आहे' असं पुरवठादार सांगेल, त्या युरोपीय खुणेचा इथे उपयोग नाही. दोन, जहाजावर तो क्लास ९ चा धोकादायक माल ठरतो. नुसती बॅटरी असेल तर यूएन ३४८०, उपकरणात किंवा उपकरणाबरोबर असेल तर यूएन ३४८१. यूएन ३८.३ चाचणीचा अहवाल आणि एमएसडीएस (मालाच्या सुरक्षेचं माहितीपत्रक) लागतो, आणि पुष्कळ एलसीएलवाले असा माल घेतच नाहीत. तीन, बॅटरी आयात करणारा हा बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे 'उत्पादक' धरला जातो, म्हणजे सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या) पोर्टलवर ईपीआर (वापरलेल्या बॅटऱ्यांच्या जबाबदारीची) नोंदणी आली. ही तिसरी अट लेड-ॲसिडलाही लागू आहे.

पहिल्या खेपेला माझा आग्रह असा की पंप बॅटरीविना मागवा. १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी देशात मिळते, ती इथे बसवा. वॉरंटीचा बदलाही इथल्या इथे होतो. चार्जरसुद्धा इथलाच घ्या. ॲडॉप्टरचे काही प्रकार त्याच सक्तीच्या यादीत आहेत. पुरवठादाराला लेखी कळवा: बॅटरी नको, चार्जर नको, बॅटरीच्या कप्प्याचं माप अमुक, कनेक्टर अमुक. कप्प्याचं माप मात्र इथली बॅटरी हातात धरून घ्या. दोन मिलिमीटरने झाकण बसत नाही आणि मग सहाशे पंपांचं प्लास्टिक घासत बसावं लागतं.

आणि यंत्रं, पंप, मोटारी यांवरचे गुणवत्ता नियंत्रण आदेश, म्हणजे क्यूसीओ, सतत निघतात आणि त्यांच्या तारखा बदलतात. ऑर्डर देण्याच्या आठवड्यात आपल्या आठ अंकी एचएस कोडवर (मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावर) कोणता आदेश लागू आहे ते कस्टम्स ब्रोकरकडून लेखी घ्या.

कुपवाड_ब्लॉक
आकारमानाचं गणित मांडतो.

१६ लिटरच्या पंपाचा खोका साधारण ३८ × २२ × ५० सेंटिमीटर, म्हणजे ०.०४२ घनमीटर. २० लिटरचा ४० × २४ × ५५ धरला तर ०.०५३. २० फुटी कंटेनरचं आतलं आकारमान ३३ घनमीटर असतं, पण खोके रचताना हाताशी येतात २७-२८. म्हणजे १६ लिटरचे ६४० च्या आसपास, किंवा २० लिटरचे ५००. वजन मात्र चार टनांच्या आत. ४० फुटी हायक्यूबमध्ये (जादा उंचीच्या कंटेनरमध्ये) ६६-६७ घनमीटर धरा, म्हणजे १६ लिटरचे जवळजवळ १,६००.

थोडक्यात तुम्ही भाडं रिकाम्या टाक्यांतल्या हवेचं भरताय. टाकी, झाकण, पट्टा, पाठीची गादी ह्यातलं काहीच चीनहून आणण्यासारखं नाही. आपल्या कुपवाड एमआयडीसीत टाकी बनवणारे मोल्डिंगवाले मिळतात. आणायचं ते डायफ्राम पंप-मोटर, खटका, लॅन्स (फवारणीची दांडी), नोझल, वेगनियंत्रक. १२ व्होल्टचा डायफ्राम पंप पाऊण किलोच्या आसपास. ५०० नग घेतले तर चारशे किलो आणि एक घनमीटरच्या आतबाहेर. लॅन्स, नोझल, खटके धरून सगळा संच तीन-चार घनमीटरमध्ये बसतो. हा एलसीएलचा माल झाला, कंटेनरचा नाही.

अडचण साच्याच्या खर्चाची आहे. टाकीचा साचा महाग पडतो, त्यामुळे वर्षाला दीड-दोन हजार पंपांच्या खाली हे परवडत नाही. पहिला कंटेनर पूर्ण पंपांचा आणून बाजार बघा, पुढच्या हंगामात भागांकडे वळा.

उरण_रोड
कुपवाड_ब्लॉक म्हणतात ते बरोबर, पण एक कायदेशीर मेख आहे. सुटे भाग म्हणून आणलेल्या मालात पूर्ण यंत्राचं 'मूळ स्वरूप' असेल, तर टॅरिफच्या अर्थ लावण्याच्या नियम २(अ) प्रमाणे तो न जोडलेलं पूर्ण यंत्र म्हणून वर्गीकृत होऊ शकतो. ५०० मोटारी, ५०० लॅन्स, ५०० खटके, ५०० नियंत्रक एकाच बिलात आले की अधिकारी हा प्रश्न विचारणार. टाकी इथे बनते, भाग बदलीसाठीही विकले जातात, हे दाखवणारे कागद तयार ठेवा. रक्कम मोठी असेल तर मुंबईच्या कस्टम्स ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडून आधीच निर्णय घेता येतो.

पूर्ण पाठीवरचा पंप ८४२४ ४१ खाली, त्याचे भाग ८४२४ ९० खाली, नुसता द्रवाचा पंप ८४१३, मोटर ८५०१, बॅटरी ८५०७. बिलात प्रत्येक ओळीला वेगळा कोड, वेगळं वर्णन आणि मॉडेल नंबर असू द्या. नुसतं 'स्पेअर पार्ट्स' किंवा 'ॲक्सेसरीज' असं लिहून आलेलं बिल म्हणजे प्रश्न ओढवून घेणं. २०२० पासून कागदांची तपासणी फेसलेस आहे; तुमचं बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला दिलेला आयातीचा तपशील) देशातल्या कुठल्याही बंदराचा अधिकारी उघडतो. समोर बसून समजावण्याची सोय नाही, कागदानेच बोलावं लागतं.

हिशेबनीस_सांगली
खर्चाचं गणित. दर समजावण्यापुरते धरतो: मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के. तुमच्या कोडचे त्या दिवशीचे दर आइसगेटच्या (कस्टम्सच्या पोर्टलच्या) ड्युटी कॅल्क्युलेटरवर बघा.

शुल्क लागतं सीआयएफ किमतीवर: माल, समुद्रभाडं, विमा. समजा ती १०,००,००० रुपये.
मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के: ७५,०००
समाजकल्याण अधिभार, मूळ शुल्काच्या १० टक्के: ७,५००
बेरीज: १०,८२,५००
त्यावर आयजीएसटी १८ टक्के: १,९४,८५०
भरायचे एकूण: २,७७,३५०

यातले ८२,५०० हा खरा खर्च, तो विक्रीच्या किमतीत जातो. १,९४,८५० चं क्रेडिट मिळतं, पण पैसे आज भरावे लागतात आणि माल विकेपर्यंत अडकतात. खेळत्या भांडवलात ती रक्कम वेगळी धरा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असणाऱ्याला क्रेडिट नाही, म्हणजे पूर्ण रक्कम खर्चात.

बिल ऑफ एंट्रीत जीएसटीआयएन बिनचूक आहे ना, ते फाइल होण्याआधी चेकलिस्टमध्ये वाचून बघा. तो चुकला की आयजीएसटी जीएसटीआर-२बी (क्रेडिटच्या विवरणा) मध्ये दिसत नाही. सुट्या भागांवर जास्त दर आणि तयार पंपाच्या विक्रीवर कमी दर असेल तर क्रेडिट साठत जातं. त्याला इन्व्हर्टेड ड्युटीचा परतावा आहे, पण अर्ज करून पैसे हाती येईपर्यंत वेळ जातो.

रुपयांत रूपांतर कस्टम्सच्या अधिसूचित दराने होतं, बँकेने कापलेल्या दराने नाही. दोन्ही आकडे जुळले नाहीत म्हणून घाबरू नका.

भाड्याची पावती नसेल तर कस्टम्स एफओबीच्या (जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्के भाडं धरतं आणि विम्याचा कागद नसेल तर १.१२५ टक्के विमा. खरं भाडं यापेक्षा कमी असेल तर फुकटचं शुल्क भरलं जातं. एफओबीने घेणाऱ्यांनी हे दोन्ही कागद ब्रोकरकडे वेळेवर पोहोचवावेत.

द्राक्षवेल_मिरज
फार मोलाची माहिती. हिशेबनीस साहेब, एफओबीचा उल्लेख आला म्हणून विचारतो. सीआयएफमध्ये सगळं पुरवठादार बघतो, मग एफओबी घेऊन डोकेदुखी का वाढवायची?

खंबाटकी_पार
मी सातारा एमआयडीसीकडचा, आमच्याकडे आयात नेहमीची. या एका मुद्द्यावर माझं मत ठाम आहे: एलसीएल असेल तर सीआयएफ घेऊच नका.

सीआयएफमध्ये फॉरवर्डर (मालवाहतूक जुळवणारा) पुरवठादाराचा असतो. तिथे तो भाडं शून्य दाखवतो, कधी तर पुरवठादारालाच पैसे परत देतो, आणि सगळी वसुली न्हावा शेवाला तुमच्याकडून करतो. डिलिव्हरी ऑर्डर (डीओ, माल सोडायचा कागद) त्याच्या इथल्या एजंटाच्या हातात, त्यामुळे तो लावेल ते डीओ शुल्क, सीएफएस (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं) शुल्क, 'डेस्टिनेशन हँडलिंग', 'करन्सी ॲडजस्टमेंट' निमूट भरावं लागतं. हे आकडे घनमीटरवर लागतात आणि दोन-तीन घनमीटरच्या मालात समुद्रभाड्याच्या कितीतरी पट होतात.

एफओबी निंगबो घ्या आणि फॉरवर्डर आपला नेमा. त्याच्याकडून एकाच कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: समुद्रभाडं, न्हावा शेवाचे सगळे शुल्क रुपयांत घनमीटरप्रमाणे, डीओ शुल्क, आणि लाइनचे (जहाज कंपनीचे) कंटेनर वापरायचे किती दिवस मोफत. मोफत दिवस बुकिंगच्या वेळीच मागायचे असतात. तेव्हा मागितलं तर १४ दिवसही मिळतात, जहाज लागल्यावर कोणी विचारत नाही. पूर्ण कंटेनरला सीआयएफ चालून जातं, पण त्यातही मोफत दिवस आणि लाइनचं नाव आधी विचारा.

एलसीएलचा दर घनमीटर किंवा टन, जे जास्त त्यावर, आणि किमान एक घनमीटर. १२-१४ घनमीटरच्या पुढे गेलात की दोन्ही दर शेजारी ठेवून बघा. पुष्कळदा २० फुटी अर्धा रिकामा नेलेला स्वस्त आणि सुरक्षित पडतो, कारण एलसीएलमध्ये आपला माल अनोळखी मालाच्या खाली-वर असतो आणि दोनदा हाताळला जातो. शिवाय त्याच कंटेनरमधल्या दुसऱ्या कोणाचा कागद अडकला तर सीएफएसला माल मोकळा होण्यात आपलेही दिवस जातात.

पैसे: ३० टक्के आगाऊ, ७० टक्के बीएलची (जहाज कंपनीच्या माल-पावतीची) प्रत बघून, ही रूढ पद्धत. आगाऊ रकमेआधी प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवरचं बँक खातं आणि कंपनीचं नाव एकच आहे का बघा. हाँगकाँगच्या भलत्याच कंपनीचं किंवा व्यक्तीचं खातं दिलं तर थांबा. ऐन वेळी 'खातं बदललंय' असा ईमेल आला तर तो खोटा आहे असं धरूनच व्हिडिओ कॉल करा. ईमेल हॅक करून पैसे वळवणं या धंद्यात फार चालतं. आणखी एक बारीक गोष्ट. टीटी करताना (बँकेतून पैसे पाठवताना) बँकेचं शुल्क कोणी भरायचं ते 'ओयूआर' (सगळं आपण) ठेवा. 'एसएचए' (दोघांत वाटून) ठेवलं तर मधल्या बँका २०-३० डॉलर कापतात, पुरवठादाराला रक्कम कमी पोहोचते आणि तेवढ्यासाठी तो टेलेक्स रिलीज (मूळ बीएलशिवाय माल सोडायची संमती) अडवतो.

कृष्णाकाठ_ताई
७० टक्के भरण्याआधी तपासणी करून घ्याच. निंगबो-ताइझोऊ भागात दिवसाच्या हिशोबाने तपासनीस देणाऱ्या संस्था आहेत. नमुने तपासण्याचा आयएसओ २८५९-१ चा तक्ता वापरतात. ६४० नगांच्या लॉटला सामान्य पातळी २ ने ८० नग उघडतात. मोठ्या दोषासाठी एक्यूएल (दोषांची चालणारी पातळी) २.५ धरला तर ८० मध्ये ५ पर्यंत चालतं, ६ निघाले की लॉट नाकारायचा. किरकोळ दोषासाठी ४.० धरला तर ७ पर्यंत, ८ ला नकार. हे आकडे ऑर्डरमध्येच लिहा, नाहीतर नंतर 'एवढं चालतंच' असं ऐकून घ्यावं लागतं.

तपासणीत काय बघायचं तेही लिहून द्या. टाकी पूर्ण भरून अर्धा तास सलग चालवणे. लॅन्सचा खटका सोडल्यावर प्रेशर स्विचने मोटर बंद पडते का. तळाच्या जोडातून गळती. पट्ट्याची शिलाई भरलेल्या टाकीचं वजन धरून. बॅटरी नसेल तर तपासनिसाने १२ व्होल्टची बॅटरी बरोबर न्यावी, हे सुद्धा सांगावं लागतं.

आपल्याकडचा वापर वेगळा आहे हे पुरवठादाराला ठाऊक नसतं. द्राक्षाला बोर्डो मिश्रण आणि गंधक जातं. बोर्डोचा चुना पंपाच्या झडपा घासतो आणि गाळणी चोंदवतो, मोरचुदाने साधी सील आणि लोखंडी स्प्रिंग खराब होते. झडपा आणि सील व्हायटॉनच्या, स्प्रिंग स्टेनलेसची, गाळणी टाकीच्या तोंडाला आणि पंपाच्या आधी अशी दोन ठिकाणी, हे नमुन्यावरच पक्कं करा. नमुना आला की त्यात बोर्डो घालून चालवून बघा, नुसत्या पाण्यावर पास करू नका.

उरण_रोड
आता कागद आणि तारखा, कारण दंड इथे लागतो.

बीएलचा मसुदा जहाज सुटण्याआधी मागवा आणि स्वतः वाचा. कन्साइनीचं नाव आयईसीवर आहे तसंच, अक्षराला अक्षर. आयईसी, जीएसटीआयएन आणि ईमेल बीएलवर हवेत. वजन, खोक्यांची संख्या पॅकिंग लिस्टशी जुळली पाहिजे. जहाज लागल्यावर बीएलमधली चूक म्हणजे आयजीएम (जहाजावरच्या मालाच्या कस्टम्सकडच्या यादीची) दुरुस्ती, आणि तिला पैसे आणि दिवस दोन्ही लागतात.

मूळ बीएलच्या तीन प्रती कुरियरने येणार असतील तर त्या जहाजाच्या आधी पोहोचतील ना ते बघा. विश्वासाचा पुरवठादार असेल तर टेलेक्स रिलीज सोयीचं. सगळे पैसे भरल्याशिवाय तो ते करणार नाही, म्हणून जहाज कोलंबो किंवा पोर्ट क्लांगच्या अलीकडे येण्याआधी शिल्लक भरून टाका.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत फाइल झालं पाहिजे, सुट्टीचा दिवस धरून. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, त्यानंतर रोज १०,०००. जहाज येण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत आगाऊ फाइल करता येतं, मग थांबायचं कशाला? असेसमेंट होऊन शुल्कासाठी बिल ऑफ एंट्री परत आलं की एका कामाच्या दिवसात भरणा. पुढे वार्षिक १५ टक्क्यांनी व्याज. भरणा आइसगेटच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमधून होतो. त्यात पैसे आधी टाकून ठेवा. शनिवारी दुपारी बँकेचं चलन अडकलं की सोमवारपर्यंत काही हलत नाही.

ब्रोकरला हे द्या: पुरवठादाराचं बिल, पॅकिंग लिस्ट, बीएल, विमा, प्रोफॉर्मा, आगाऊ भरण्याचा स्विफ्ट संदेश (बँकेचा पैसे पाठवल्याचा कागद), मालाचा कॅटलॉग फोटोसह. तो हे कस्टम्सच्या ई-संचितवर चढवतो. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) त्याला आधी कळवा. आयईसी दर वर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो, बदल काही नसला तरी. तो राहिला तर आयईसी निष्क्रिय होतो आणि हे कळतं ते नेमकं माल समुद्रात असताना.

लेबल: पंप किरकोळ विकणार, म्हणजे लीगल मेट्रॉलॉजीच्या (वजन-मापांच्या) २०११ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मालाचं नाव, नग, महिना-वर्ष, एमआरपी, मूळ देश, ग्राहक तक्रारीचा फोन आणि ईमेल हवा. आयातदार म्हणून त्या नियमांखाली नोंदणीही लागते. लेबलची फाइल करून पुरवठादाराला पाठवा, तो खोक्यावरच छापतो. इथे आल्यावर लावायचं तर बाँडेड गोदामात नेऊन लावावं लागतं आणि खर्च चढतो.

लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर आयएसपीएम १५ चा (लाकडावर कीडनाशाची प्रक्रिया केल्याचा) शिक्का बघा, एचटी किंवा एमबी असा. शिक्का नसेल तर माल थांबतो. प्लायवूड आणि प्लास्टिकच्या पॅलेटला ही अट नाही.

द्राक्षवेल_मिरज
पुरवठादाराने स्वतःहून विचारलंय की बिल निम्म्या किमतीचं करू का, शुल्क वाचेल. सगळे तसंच मागवतात म्हणे.

हिशेबनीस_सांगली
नाही. स्पष्ट नाही म्हणून लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर सुद्धा तसा संवाद राहू देऊ नका. त्याच मालाच्या इतर आयातींच्या किमती कस्टम्सच्या डेटाबेसमध्ये असतात. किमतीवर शंका आली की मूल्यांकन नियम १२ खाली जाहीर किंमत नाकारली जाते. मुद्दाम कमी दाखवली असं ठरलं तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११(एम) खाली माल जप्त, सोडवायला रिडेम्प्शन फाइन, आणि कलम ११४ए खाली बुडवलेल्या शुल्काइतकाच दंड. वर उरलेली निम्मी रक्कम पाठवायची कशी? बँकेतून पाठवता येत नाही, म्हणजे हवाला. त्यात फेमा (परकीय चलनाचा कायदा) आला. ८२,५०० मधले चाळीस हजार वाचवायला दुकान पणाला लावण्यासारखं यात काही नाही.

पेठनाका
वाहतुकीवर लिहितो. न्हावा शेवाहून पुणे, खंबाटकी, सातारा, कराड, पेठ नाका, तिथून इस्लामपूर-सांगली-मिरज. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. अंतर किरकोळ वाटतं, पण कंटेनर मिरजेला आणला तर रिकामा परत बंदराजवळच्या यार्डात टाकावा लागतो. म्हणजे भाडं दोन्ही बाजूंचं, आणि लाइनचे मोफत दिवस त्या परतीपर्यंत मोजले जातात. यार्डाने घेताना डबा धुवायचे, दुरुस्तीचे पैसे लावले तर तेही तुमचे. भरलेला उतरवून घेताना डब्याचे सहाही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

जागेचं बघा. ट्रेलर वळायला रुंद रस्ता लागतो, २० फुटीला सुद्धा. डब्याची फळी जमिनीपासून सव्वा मीटरच्या वर. धक्का नसेल तर फळ्या टाकून हातानेच उतरवायचं. सुटे रचलेले ६४० खोके सहा हमाल चार-पाच तासांत उतरवतात. शहरात अवजड गाड्यांच्या बंदीच्या वेळा असतात, त्या बघूनच गाडी बोलवा. बाजारपेठेतल्या दुकानात थेट आणायचा विचार सोडा, एमआयडीसीत गोदाम बघा.

तुमचा माल चार टनांचा, हलका आणि मोठा. सीएफएसमध्येच डबा उघडून ३२ फुटी बंद ट्रकमध्ये भरला तर एकेरी भाडं लागतं, डबा तिथेच परत. माझ्या मते हेच किफायती.

खंबाटकी_पार
पेठनाका भाऊ, भाड्याच्या बाबतीत पटतं, पण सीएफएसमध्ये खाली करताना खोक्यांचे हाल होतात. पावसाळ्यात उघड्यावर डबा खोलून ट्रकमध्ये भरताना खालचे थर भिजतात. जून ते सप्टेंबरमध्ये येणाऱ्या मालाला मी डबाच गोदामापर्यंत आणायच्या बाजूने आहे. काच किंवा इलेक्ट्रॉनिक असेल तर बारमाही.

पेठनाका
पावसाचं मान्य. पण द्राक्षवेल यांचा माल प्लास्टिकचा आहे. आतला पंप प्लास्टिकच्या पिशवीत असेल आणि सीएफएसचं शेड छताचं असेल तर अडत नाही. शेडमध्येच खाली करणार असं सीएफएसकडून आधी लिहून घ्या. आणि सीएफएस कोणतं हे लाइनवर सोडू नका, आपल्या ब्रोकरच्या पसंतीचं सांगा. जमिनीचं भाडं प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते आठवड्यागणिक टप्प्याने चढतं.

दुसरं, सील. डब्याच्या बोल्ट सीलचा नंबर बीएलवरच्या नंबरशी जुळतो का, हे उघडण्याआधी फोटो काढून बघा. कस्टम्सने तपासणीसाठी उघडला असेल तर नवं सील असतं, त्याचा कागद ब्रोकरकडून घ्या.

ई-वे बिल: प्रकार इनवर्ड, उपप्रकार इम्पोर्ट, कागद बिल ऑफ एंट्री. पाठवणारा यूआरपी (जीएसटी नोंदणी नसलेला), राज्य 'इतर देश', पिन ९९९९९९. माल निघण्याचं ठिकाण न्हावा शेवा, पिन ४००७०७. २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने मिरजेसाठी दोन दिवस मुदत मिळते. पावसात घाट तुंबतात, म्हणून गाडी गेटबाहेर पडायच्या वेळीच भाग ब भरा.

कृष्णाकाठ_ताई
विम्याबद्दल कोणी बोललं नाही. सीआयएफमध्ये पुरवठादार सर्वांत कमी संरक्षणाचा विमा काढतो, 'सी' कलमांचा. भिजणं, चोरी, हाताळणीतली तुटफूट त्यात बसत नाही. 'ए' कलमांची पॉलिसी घ्या, सीआयएफ अधिक १० टक्के रकमेची, आणि 'गोदाम ते गोदाम' मिरजेपर्यंत. नुसतं 'न्हावा शेवापर्यंत' लिहिलेलं असेल तर घाटात झालेलं नुकसान आपलं.

खोके फुटलेले दिसले तर ताबा घेण्याआधी सर्व्हेयरला बोलवा आणि डिलिव्हरीच्या कागदावर शेरा मारूनच सही करा. वरून न दिसणारं नुकसान असेल तर तीन दिवसांत लाइनला लेखी नोटीस. खोके पाच पदरी नको, सात पदरी मागा. आणि डब्यात ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायला सांगा, नाहीतर छताला दव धरून वरचा थर भिजतो.

खंबाटकी_पार
वेळापत्रक उलटं मोजा. छाटण्या सप्टेंबरमध्ये सुरू होतात, डाऊनी आणि भुरी रोगांच्या फवारण्या लगेच मागोमाग. दुकानात माल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हवा. बंदर, कस्टम्स, रस्ता यांना दहा दिवस. निंगबोहून थेट जहाजाला तीन आठवडे धरा, मध्ये माल बदलणार असेल तर आणखी एक ते दोन. उत्पादन ३० ते ४५ दिवस. तपासणी आणि बुकिंगला आठवडा. म्हणजे थोडे दिवस हातचे राखून आगाऊ रक्कम मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलीच पाहिजे, आणि नमुना त्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये. १ मेच्या सुमारास त्यांच्याकडे सुट्टी असते. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या नववर्षाला कारखाने तीन-चार आठवडे थंड असतात आणि परतल्यावर नवे कामगार असतात. त्या महिन्यातल्या मालाची तपासणी जास्त कडक ठेवा. १ ऑक्टोबरपासूनही आठवडाभर बंद. सप्टेंबरच्या शेवटी माल जहाजावर चढवायच्या घाईत तपासणी टाळायला सांगतील, ऐकू नका.

कुपवाड_ब्लॉक
पूर्ण पंपांच्या ऑर्डरबरोबरच सुटे भाग टाका, नंतर दोन खोक्यांसाठी एलसीएल परवडत नाही. दर १०० पंपांमागे माझा हिशोब: पंप-मोटर १०, खटके २०, लॅन्स १५, नोझल संच ३०, डायफ्राम-झडपांचे संच २५, चालू-बंद स्विच आणि चार्जिंग पिन १५ प्रत्येकी, पट्टे ५. टाकीची झाकणं १०, ती हरवतात. पंप-मोटर कमी करायचा मोह होईल, करू नका. सगळे भाग पुरवठादाराच्या भाग क्रमांकासह वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या खोक्यांत, म्हणजे उरण_रोड म्हणतात तसं वर्गीकरणही सोपं जातं.

द्राक्षवेल_मिरज
मनापासून आभार सगळ्यांचे. ठरवलं असं: २० फुटी, एफओबी निंगबो, बॅटरी-चार्जर नाही, व्हायटॉन सील, सात पदरी खोके, लेबल तिथेच छापून. माल आल्यावर आणखी काही करायचं राहतं का?

हिशेबनीस_सांगली
बँकेचं राहतं. आगाऊ पाठवलेली प्रत्येक रक्कम रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस (आयातीच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या) प्रणालीत तुमच्या आयईसीवर उघडी दिसते, आणि बिल ऑफ एंट्रीही तिथे आपोआप येतं. पण दोघांची जोडणी बँकेने करायची असते, आणि ती तुम्ही पत्र दिल्याशिवाय होत नाही. माल सुटल्यावर आठवड्याभरात बिल, बीएल, बिल ऑफ एंट्री आणि दोन्ही स्विफ्ट संदेश शाखेच्या परकीय चलन विभागात द्या आणि नोंद बंद झाल्याचा ईमेल मागून घ्या. बिल ऑफ एंट्रीतल्या बँकेचा एडी कोड आणि पैसे पाठवलेली बँक एकच असावी. सांगलीतल्या बऱ्याच शाखा हे काम पुण्याला किंवा मुंबईला पाठवतात, म्हणून पाठपुरावा करावा लागतो. जुनी नोंद उघडी राहिली की पुढच्या ऑर्डरची आगाऊ रक्कम बँक अडवते, आणि ती वेळ नेमकी मे महिन्याची असते.